फेरो, तुली आणि शेवंताचा टाक

२ जानेवारी २००१, मंगळवार

ही डायरी नेमसिंगने दिली. त्याला बियाण्याच्या दुकानातून दोन मिळाल्या होत्या. प्रत्येक पानाच्या तळाशी कपाशीच्या वाणाची जाहिरात आहे. अशा पानावर मनातलं लिहायचं म्हणजे जरा अवघडच, पण धर्माच्या गाईला दात का नाहीत म्हणून विचारू नये.

नेमसिंग राठोड आमच्या शाळेत इतिहास शिकवतो, मी संस्कृत. त्याचा तांडा कनेरगाव नाक्याजवळ, माझं गाव शिरड शहापूर. हिंगोलीत आम्ही दोघेही भाडेकरूच. त्याच्या मते मला कोणाशी बोलायची सवय राहिलेली नाही, म्हणून कागदाशी तरी बोलावं.

तर कागदा, ऐक. शेवंता, माझी बायको, काविळीने गेली त्याला तीन वर्षं होतील. प्रियंका तेव्हा सहाची होती, आता नऊची आहे. शेवंता गेल्यावर पहाटे लवकर जाग यायची आणि घर अंगावर यायचं. एकदा हैदराबादेत आबिड्सच्या रस्त्यावर जुन्या पुस्तकांत लॅटिनचं एक व्याकरण मिळालं. पहाटेला काहीतरी काम हवं होतं म्हणून ते सुरू केलं. बायको गेली म्हणून कोणी दारू धरतं, कोणी गंडेदोरे; मी लॅटिन धरलं. गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात आईच्या हट्टाने दुसरं लग्न केलं. द्वारका नरसीची. तिचाही पहिला नवरा विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेला. मूलबाळ नाही. बाई कामाला वाघ आहे, बोलायला मात्र गरीब. प्रियंका तिच्याशी बोलत नाही. तिचा उल्लेखच करायची वेळ आली तर ‘ती’ म्हणते.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. द्वारकाला साडी आणली. तिने घडी मोडली नाही. आधी पाटावर ठेवली, गळ्यातला टाक काढून तिच्यावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मग नेसली.

हा टाक म्हणजे रुपयाएवढी चांदीची चकती, तिच्यावर बाईची आकृती ठोकलेली. ही बाई म्हणजे शेवंता. दुसरेपणावर आलेल्या बायकोने पहिलीला अशी काळ्या दोऱ्यात गळ्यात बाळगायची, नवं लुगडं, नवी बांगडी आधी तिला दाखवायची, म्हणजे ती कोपत नाही. लग्नाआधीच आईने शिरडच्या सोनाराकडून करून घेतला. सोनाराने शेवंताला कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे चेहरा सटवाईसारखा झालाय. मी बोललो, तर आई म्हणाली, देवाचं तोंड तरी कोणी पाहिलंय.

मला ही रीत आवडत नाही. शिकलेल्या माणसाच्या घरात शोभत नाही. पण लग्नातच आईशी वाद नको म्हणून गप्प बसलो.

आई आजच परत गेली. जाताना मला अंगणात घेऊन बजावलं, उन्हाळ्यापर्यंत पोरीचा जीव इथं रमला नाही तर मी तिला शिरडला घेऊन जाईन, तिथल्याच शाळेत घालीन. मुलं आईशिवाय वाढतात, पण दोन बायकांच्या मधल्या फटीत वाढत नाहीत, असं तिचं म्हणणं. मी ‘बघू’ म्हणालो. प्रियंका गेली तर या घरात मी कशाला यायचं, हे काही तिला सांगता आलं नाही.

२३ जानेवारी, मंगळवार

आज लॅटिनमध्ये एका क्रियापदाने सकाळ खाल्ली. ‘फेरो’ म्हणजे मी वाहून नेतो. आणतो, सोसतो, गर्भ वाहतो, हे सगळं त्यातच. इथवर ठीक. पण ‘मी वाहून नेलं’ असं म्हणायचं तर रूप होतं ‘तुली’. आणि ‘वाहून नेलेलं’ म्हणजे ‘लातुम’. एकाच क्रियापदाच्या तीन रूपांत तिन्हीकडे सारखं असं एक अक्षर नाही. आधी वाटलं, आबिड्सवाल्याने पानं अदलाबदल करून शिवलीत.

नंतर लक्षात आलं की आपण तरी काय वेगळं करतो? ‘जातो’ म्हणतो आणि लगेच ‘गेला’ म्हणतो. प्रियंका बोलायला शिकली तेव्हा ‘बाबा शाळेत जाला’ म्हणायची. शेवंताला ते फार आवडायचं. मी मात्र प्रत्येक वेळी ‘गेला म्हण, गेला’ करून दुरुस्त करायचो. एकदा शेवंता म्हणाली होती, राहू द्या की, कळतंय ना तुमाला. मी राहू दिलं नाही. आज ते आठवून वाईट वाटलं.

५ फेब्रुवारी, सोमवार

जनगणनेच्या प्रशिक्षणात आठवडा गेला. लॅटिन बंद.

घरात एक बदल. प्रियंका आता शाळेतून आली की स्वयंपाकघरात घुटमळते. द्वारका भाकरी थापत असते आणि ही तिच्या अगदी गळ्याशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटत असते. मी आत गेलो की गप्प होते. बहुधा पाढे असावेत. सतराचा अजून कच्चा आहे. पण मी ऐकतो म्हटलं तर नको म्हणाली.

द्वारकाच्या भाकऱ्या हल्ली करपतात. आज दोन करपल्या. पोरगी पुटपुटत असताना ही दगडासारखी बसून राहते, तव्याकडे हातसुद्धा नेत नाही. सुरुवातीला इतकी सुरेख भाकरी करायची. मी बोललो. ‘लक्ष ऱ्हात न्हाई,’ एवढंच म्हणाली.

१९ फेब्रुवारी, सोमवार

फेरोचं कोडं बरंचसं सुटलं. नांदेडला गेलो होतो, तिथल्या कॉलेजच्या ग्रंथालयात एक जाडजूड कोश मिळाला. ‘फेरो’ म्हणजे आपलं संस्कृत भृ, भरति. भार, भारा, भरणं, सगळं त्याच घरचं. ‘तुली’ वेगळ्या घरची. ती आपल्या तुलेची, तोलण्याची सख्खी बहीण. मूळ अर्थ उचलणं, पेलणं. आणि ‘लातुम’ तिसऱ्या घरची नाहीच. ती पूर्वी ‘त्लातुम’ होती, तुलीच्याच घरची, पुढचा ‘त’ झिजून गेला. म्हणजे घरं दोनच.

असं का झालं, तर पंडितांचं म्हणणं की फेरोला स्वतःचं भूतकाळाचं रूप कधी नीटसं नव्हतंच. वाहणं चालू असतं, संपत नाही. मग ‘झालं, नेलं’ असं सांगायची पाळी आली तेव्हा शेजारच्या ‘तोल्लो’ म्हणजे ‘उचलतो’ या क्रियापदाची तुली तिथं आणून बसवली. तोल्लोने स्वतःसाठी दुसरं रूप करून घेतलं. सगळं बिनबोभाट, कोणाची तक्रार नाही.

मला इतका आनंद झाला की कळमनुरीपर्यंत एसटीत उभं राहावं लागलं तरी कळलं नाही.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

आज मराठी दिनाला शाळेत माझं भाषण झालं. विषय: ‘एका क्रियापदाची गोष्ट’. मराठी दिनाला लॅटिन कशाला, असं हेडमास्तरांनी विचारलं. भार आणि तोल हे शब्द त्यात आहेत म्हटल्यावर गप्प बसले. पहिल्या रांगेतली मुलं जागी होती, हे मी यशच धरतो.

काल घरी तालीम केली. द्वारका शेंगा फोडत ऐकत होती. संपल्यावर तिने विचारलं, ‘ती तुली आली, तवा फेरोला घालवलं का?’

मी म्हटलं, नाही. फेरो आपल्या जागी आहेच. दोघी मिळून एक क्रियापद.

‘मंग बराबर हाय,’ ती म्हणाली आणि शेंगा फोडायला लागली. प्रश्न चांगला होता. तिला थोडं संस्कृत शिकवावं का, असा विचार मनात आला.

भाषणानंतर नेमसिंग चहा प्यायला घेऊन गेला. म्हणाला, त्याचे बापजादे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. एक माणूस बैलाच्या डाव्या अंगाला, एक उजव्या, आणि दोन्हीकडची गोणी एकदम उचलायची. एकट्याने एक बाजू चढवली की बैल कलंडतो. ‘उचलायला दोघं लागतेत मानिकराव, मंग कुठं बैल चालते,’ तो म्हणाला. दाखला छान आहे. पुढच्या वेळी भाषणात घेईन.

१८ मार्च, रविवार

ऊन वाढलं. द्वारकाच्या मानेवर टाकाच्या दोऱ्याने लाल वळ उठलाय, घामाने चिघळतो. तिला विचारलं तर म्हणाली, काही नाही. पण मला दिसतं ना. जिवंत बाईच्या गळ्यात मेलेल्या बाईचं लोढणं, तेसुद्धा तिने कोपू नये म्हणून. शेवंता आणि कोपणार! तिला साधं दूधवाल्यावर रागावता यायचं नाही.

मी ठरवलं आहे, पाडव्याला टाक काढून टाकायचा. नवं वर्ष, नवी सुरुवात. नेमसिंगला सांगितलं तर तो म्हणाला, ‘वयनीला इचारलं का?’ यात विचारायचं काय? बेडी काढताना कैद्याला विचारतात का?

२६ मार्च, सोमवार

पाडवा. गुढी उभारल्यावर द्वारकाला बसवून सगळं समजावून सांगितलं. या घरात तू कोणाच्या जागी आलेली नाहीस, तू तू आहेस, वगैरे. चांगलं बोललो. मग स्वतःच्या हाताने दोरा सोडला आणि टाक डबीत घालून कपाटात वरच्या खणात ठेवला. कुलूप लावलं, नाहीतर आईच्या धाकाने ही पुन्हा घालायची.

द्वारका म्हणाली, ‘तुमची मर्जी.’ तिचा हात दोनदा गळ्याकडे गेला. सवय. प्रियंका दारात उभी होती. मी तिला हाक मारली, पण ती गच्चीवर निघून गेली.

घर मोकळं झाल्यासारखं वाटतंय.

२ एप्रिल, सोमवार

भाकऱ्या आता एकदम नीट होतात. एकसुद्धा करपत नाही.

प्रियंका जेवत नाही. अंगात कसकस आहे. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. स्वयंपाकघरात घुटमळणं बंद झालंय. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून झोपते. सकाळची शाळा लागल्यामुळे थकत असावी. द्वारकाने तिच्यासाठी आंब्याचं पन्हं केलं. पोरीने पेला उलटा केला. मी तिला मारलं. मारायला नको होतं.

८ एप्रिल, रविवार

आई आली. द्वारकाचा मोकळा गळा बघून तिने आधी काही विचारलं नाही, पाणी पिऊन मग विचारलं. मी माझं म्हणणं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग प्रियंकाचा हात हातात घेतला, मनगटाचं हाड चाचपलं आणि म्हणाली, ‘परीक्षा झाली की पोरीला मी नेते, मानिक. आखाजीला येते. तिचे कपडे बांधून ठेव.’

मला भांडायचं होतं. पण पोरीकडे पाहिलं आणि भांडता आलं नाही.

आई गेल्यावर द्वारका म्हणाली, मला थोडे दिवस नरसीला जाऊ द्या. मी कारण विचारलं. ‘आता हितं माजं काय काम हाय,’ म्हणाली. म्हणजे घरकामाला ती कंटाळली. चार महिने राबतेय, साहजिक आहे. उद्या तिला जीपमध्ये बसवून देतो.

१५ एप्रिल, रविवार

द्वारका गेली आणि घर पुन्हा अंगावर यायला लागलं. हे होईल असं वाटलं नव्हतं. मला वाटायचं, मी तिला नुसतं वागवून घेतोय. पण संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा नसतो तेव्हा मला ती हवी असते. हे इथं लिहून ठेवतो, कारण तिला सांगायचं राहून गेलं.

पहाटे लॅटिन काढलं. पुस्तकात एक वाक्य आहे: जी क्रियापदं रोज तोंडात असतात तीच वाकडी राहतात, जी क्वचित लागतात ती लोक नियमात बसवून टाकतात. असणं, जाणं, आणणं, वाहणं ही जगात सगळीकडे वाकडीच. वाक्याखाली रेघ मारली.

१९ एप्रिल, गुरुवार

परीक्षा संपली. शाळेतून आलो तर प्रियंका खुर्चीवर चढून कपाटाचं कुलूप ओढत होती. मी काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं, ‘आई कुठं ठिवली?’

मला वाटलं, फोटो. भिंतीवरचा शेवंताचा फोटो काढून तिच्या हातात दिला. तिने तो बाजूला ठेवला.

‘ही न्हाई, बाबा. ही ऐकत न्हाई. तिच्या गळ्यातली.’

मग तिच्या तोंडून एकेक बाहेर आलं. रोज शाळेतून आली की ती टाकाला दिवसभराचं सांगायची. बाईंनी काय विचारलं, कोण भांडलं, बाबा काय म्हणाले. टाक द्वारकाच्या गळ्यात, म्हणून द्वारकाच्या गळ्याशी तोंड न्यावं लागायचं. पहिल्या दिवशी द्वारका म्हणाली होती, तू सांग, मी हलत नाही. मग ती हलायची नाही. भाकरी करपली तरी हलायची नाही.

मी पोरीला विचारलं, पाढे म्हणत नव्हतीस? तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीवर बसलो.

नेमसिंगने विचारलं होतं, वयनीला विचारलं का. एवढा कोश धुंडाळला, घरातल्या दोघींना एक प्रश्न विचारला नाही. स्वतःची लाज वाटली. रविवारी नरसीला जातो.

२२ एप्रिल, रविवार

प्रियंका डबी मुठीत धरून जीपमध्ये बसली होती. कोणाच्या हाती देईना.

सोनाजीचं, म्हणजे द्वारकाच्या भावाचं, देवळाच्या रस्त्यावर बुक्का, कुंकू, नारळाचं दुकान आहे. द्वारका तिथंच बसली होती. आम्हाला बघून उठली, पदर सारखा केला आणि सोनाजीला चहा सांगायला पाठवलं. मी जीपमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही आठवलं नाही. एवढंच म्हणालो की माझं चुकलं, तू तेव्हाच का बोलली नाहीस?

ती थोडा वेळ कुंकवाच्या ढिगाला टोक काढत राहिली. मग म्हणाली, ‘मेलेल्या बाईला गळ्यात घालायची रीत हाय. मेलेल्या गड्याला कुठं घालावं, त्याची रीतच न्हाई. मला म्हाईत हाय, कोनाशी बोलायचं ऱ्हाऊन गेलं की काय व्हतं. पोरगी तिच्या आईशी बोलून राहिली होती. मी निस्ती खुंटी होते. तुमी आई काढून नेली, मंग खुंटीपाशी ती कशाला यील?’

तिच्या पहिल्या नवऱ्याचं नाव मी आजवर विचारलेलं नव्हतं. विचारलं. हिरोजी, म्हणाली.

प्रियंका तोवर डबीशी झटत होती. उघडली. द्वारका खाली बसली आणि मान पुढे केली. पोरीने दोरा बांधला. गाठ निरगाठीची मारली, सुटायची नाही. मग भर दुकानात तिच्या गळ्याला तोंड लावून बोलायला लागली. पाडव्यापासूनचं सगळं साठलं होतं. दोन गिऱ्हाईकं बुक्का मागत उभी राहिली. द्वारका हलली नाही. मी बुक्क्याच्या पुड्या बांधून दिल्या.

मानेवरच्या वळाला मऊ कापडाचा दोरा करून घेतला की झालं. हे मला मार्चमध्ये सुचलं असतं तर.

२६ एप्रिल, गुरुवार

आखाजी. अक्षय्य तृतीयेचा पितरांचा घट भरला. आई दुपारी आली, मोकळी पिशवी घेऊन. कपडे बांधलेले नव्हते. आईने द्वारकाच्या गळ्याकडे पाहिलं आणि ती पाटावर बसली.

जेवायला आंब्याचा रस होता. प्रियंकाने ताटातली भाकरी संपवली, बोटं चाटली आणि वर न बघता म्हणाली, ‘आई, आजून एक दे.’

माझ्या आईची नजर टाकावर गेली. माझीही गेली. पण टाक काही भाकरी वाढत नाही. द्वारकाच्या हातातला घास तिथेच राहिला. मग ती उठली आणि तव्यावरची भाकरी आणून पोरीच्या ताटात ठेवली.

भाकरी एका बाजूने करपलेली होती. आईने नाव ठेवलं नाही. संध्याकाळच्या गाडीला ती मोकळीच पिशवी घेऊन शिरडला गेली.